मालकिणीच्या वाफ्यात बसवलेली मेंढरं

ऑस्ट्रेलिया, मार्च १९५६

आईस भागूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

पाठीवर बोचकी टाकून मुलुख बघत हिंडणारे आम्ही दोघं नवराबायको खुशाल आहोत. चालून चालून झुंबरच्या टाचा फुटल्यात, पण तोंड चालू आहे, तेव्हा काळजी नको. आपल्या शिनोली गावात काय म्हणतात आमच्याबद्दल? जाऊ दे, सांगू नको.

टाचा भरेपर्यंत एका शेतकऱ्यानं गोठ्यात जागा दिली. आपल्याकडं धनगराला धान्य देऊन खतासाठी मेंढरं शेतात बसवतात, म्हणून उपकार फेडायला मी त्याचीच मेंढरं घरामागच्या वाफ्यात फुकट बसवली. वाफ्यात मला तण दिसलं. ती मालकिणीची जत्रेत मांडायची फुलं निघाली! इथं देवाला न वाहता नुसती बघायला फुलं लावतात, आई.

मालकानं फाटकाकडं बोट दाखवलं. झुंबर लंगडत माझ्यावरच धावली, “मेंढरांना कळलं काय गोड ते, तुमाला तण नि फूल कळंना व्हय?” शब्द न कळताही मालकीण पोट धरून हसली आणि तिला हाताला धरून घरात घेऊन गेली.

आता झुंबर पलंगावर असते. मी नवी रोपं लावतोय, मेंढरं कुंपणाआडून वाट बघतायत.

तुझाच,
भागू

ता. क. सासऱ्यांना फक्त पलंगाचं वाचून दाखव.