लाल गाडीचा रोटर

सोमवार, दुपारी दोन

सोन्या,

आधी कोण आलं असेल सांग बघू! तुझी चिमणी. शनिवारी सकाळी दार वाजलं, मला वाटलं गॅसवाला, म्हणून ओल्याच हातांनी उघडलं, तर समोर ही उंच पोरगी. "आजी, ओळखलंस का?" अरे, नाक तुझं, कपाळ तुझं, ओळखायचं काय त्यात! नऊ वर्षांची गेली होती, वीस वर्षांची होऊन आली. मी रडले, मग हसले, तोवर दूध उतू गेलं. बघ, वर आशीर्वाद लिहायचे राहिलेच. ते घे. तब्येत बरी आहे, गुडघे सोडून.

तिच्या मागोमाग तिची मैत्रीण आली. गाड्या दुरुस्त करते. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून चिमणी तिला पानाच म्हणते. तुझ्या बाबांच्या त्या बुटक्या, दोन माणसांच्या शर्यतीच्या गाडीभोवती तिने तीन चकरा मारल्या. "अकरा वर्षं उभी? आजी, इंजिन जाम असणार. फार आशा धरू नका." मग प्लग काढले, पुढच्या मोठ्या नटाला पाना लावला, आणि इंजिन कसं लोण्यासारखं फिरलं! पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. "हे कोण फिरवतं?"

"मी," म्हटलं. "दर रविवारी पाव फेरा. हे गेल्यापासून पाच वर्षं."

बाबा फिरवायचे तसंच. ते गेल्यावर महिनाभर मी गॅरेजकडे फिरकलेच नाही, तर संध्याकाळी आतून कट्ट, कट्ट. पान्याचा आवाज मला कळतो रे. शेवटी म्हटलं, तुम्ही नका त्रास घेऊ, मी करते. पट्ट्याच्या चाकावर खडूची खूण करायची आणि पाव फेरा द्यायचा. सोमवारी बघावं तर खूण जराशी पुढे सरकलेली. हे पोरींना सांगितलं नाही. तूही हसू नकोस.

असो. जुनं पेट्रोल काढलं, त्याला रंगाच्या डब्यासारखा वास. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, त्यात माझा हरवलेला मोजा! पानाने तेल बदललं, नवी बॅटरी बसवली, कार्ब्युरेटर खोलून माझ्या दातांच्या जुन्या ब्रशने घासले. प्लगांच्या भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि म्हणाली, उद्यापर्यंत मुरू दे.

रविवारी तिने एक वाटीएवढं झाकण उघडलं. "यात रोटर नाही." अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो, गोल फिरून एकेका प्लगला ठिणगी पोचवतो. चिमणी पटकन म्हणाली, "आजोबांनीच काढला होता तो. बाबा सांगतात ना, एका हाताने चावी दिली आणि दुसऱ्या हाताने तो काढून घेतला."

मी आत गेले आणि तो घेऊन आले. "ह्यांच्या कपाटात होता," म्हटलं.

तिने तुला फोन केला असेल. तू म्हणाला असशील, बघ, मी सांगत नव्हतो?

सोन्या, तो कपाटात नव्हता. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमागे होता, फडक्यात गुंडाळून मी ठेवलेला.

तुझ्या शर्यतीच्या आदल्या दुपारी मी तो काढला. चोराने गाडी नेऊ नये म्हणून काय काढायचं, ते ह्यांनीच मला कधीकाळी हौसेने दाखवलं होतं. त्या डोंगरातल्या वळणांवर तू मरशील, एवढंच माझ्या डोक्यात. म्हटलं, शर्यत चुकेल, दोन दिवस फुगून बसेल, मग गुपचूप ठेवू जागेवर. सकाळी तू झाकण उघडलंस आणि ह्यांच्या अंगावर गेलास. हे म्हणाले, "तूच काढलास, भित्र्या, आणि माझ्यावर ढकलतोस." मी चहा गाळत होते. चौथी शिकलेल्या बाईला इंजिनातलं काय कळतंय, माझं नाव दोघांच्या मनातही आलं नाही. तुम्ही जरा दम घ्याल आणि मी बोलेन म्हणून थांबले, तेवढ्यात तू बायको-पोरीला घेऊन फाटकाबाहेर.

ह्यांनी नवा रोटर कधी आणला नाही. "ज्याने नेला त्याने आणून द्यावा," एवढंच म्हणायचे. सहा वर्षं रोज संध्याकाळी बॉनेट उघडून माणसाने तुझी वाट पाहिली. मी शेजारी खुर्ची टाकून भाजी निवडायची. पहिल्या आठवड्यात नाही सांगितलं, मग पहिल्या वर्षात नाही, आणि पुढे तर तोंडच उरलं नाही.

काल पानाने चावी फिरवली. दोनदा नुसतं कुरकुरलं. तिसऱ्यांदा खोकलं, अगदी ह्यांच्यासारखं, आणि पेटलं! फळीवरचे डबे थरथरले, पोरी नाचल्या, मीही नाचले, गुडघ्यांसकट. गॅरेजभर निळा धूर. त्या धुरात बॉनेटवर वाकलेली पाठ मला दिसली. मी मोठ्याने म्हटलं, "अहो, मी काढला होता." त्या आवाजात पोरींना काही ऐकू गेलं नाही. पाठ सरळ झाली. वळली मात्र नाही.

आता ते रागावलेत की सुटलेत, मला कळत नाही. पण काल तुझ्या पोरीच्या तोंडावर मी पुन्हा त्यांच्यावरच ढकललं, ते तसंच राहू द्यायचं नाही. चिमणी ब्रेक बघायला येईल तेव्हा तिला मी स्वतः सांगणार आहे. तुला त्याआधी कळावं म्हणून हे. काय बोलायचं ते मला बोल, त्यांना नको.

जिच्यावर कोणी संशय घेतला नाही, ती
तुझी आई

दोघी शनिवारी सकाळी दहाला येतो म्हणाल्यात.