ग्रेगरीच्या तक्त्यावर

घाटकोपर, ४ फेब्रुवारी १९५७

चि. सुगंधा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद, बाळालाही.

परवा आपल्या नंदूच्या डोक्यातली गाठ काढली. चार तास लागले. शुद्धीवर येताच त्याने विचारलं, मी इथे, मग आरे कॉलनीतल्या माझ्या म्हशींना पाणी कोण दाखवतं. मात्र ओकाऱ्या थांबत नाहीत. घोटभर पाणीही परत येतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर असं होतं; पण कधीकधी ओकारी ही आत काही बिघडल्याची पहिली खूण असते. म्हणून परिचारिका क्लाराबाई प्रत्येक ओकारी खाटेच्या तक्त्यावर लिहितात.

गिरणीच्या दारात जग बदलायच्या गोष्टी करणारा मी, भावाच्या पोटात पाणी ठेवू शकत नाही. तू बाळंतीण आहेस, तिथून हलू नकोस.

तुझा गुणाजी

बोरिवली, ६ फेब्रुवारी

ती. दादास,
सुगंधाचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या भाच्याने पत्रावर पाय मारला, म्हणून शाई फिसकटली. आई गेल्यावर नंदू माझ्याच हातून भात खायचा. म्हणून देवापाशी बोलले आहे, त्याच्या पोटात पेज टिकेपर्यंत मी भाताला शिवणार नाही. दूध आटेल म्हणून सासूबाई रागावल्या आहेत. नवसावर तू सभा गाजवतोस, तेव्हा हसशीलच. हस, पण नंदूला सांगू नकोस. ते सभेतलं तोंड जरा मिटून ठेव.

आमच्यावर माया आहे ती राहू दे.
सुगंधा

घाटकोपर, ८ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. सुगंधा हिस आशीर्वाद.

तोंड मिटून ठेवणं जमलं नाही. नवस म्हणजे मनाची गुलामी, हे मी हजारदा ओरडून सांगितलं आहे. पण परवा रात्रीपासून नंदू भिंतीकडे तोंड करून पडला होता, पेजेला नको म्हणत होता. काल सकाळी तुझं पत्र हाती आलं, ते तसंच त्याला वाचून दाखवलं. वर भाषणही ठोकलं, की तिकडे तुझी बहीण भाताविना बसली आहे, तू लढ! आणि लढला गं! कालपासून तक्ता कोरा आहे. वाटीभर पेज घेतो. शेजारच्या खाटेवरचा माहुलचा ग्रेगरी मात्र फार ओकतो बिचारा. क्लाराबाई त्याच्यापायी हैराण आहेत.

आता पोटभर जेव.
तुझा दादा

घाटकोपर, ९ फेब्रुवारी

सुगंधा,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

सकाळी नंदू हाकेला ओ देईना. डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा उघडून काढलं. मग ग्रेगरी रडत बोलला. नंदू ओकतच होता, ग्रेगरीच्या भांड्यात. ग्रेगरी ते आपलंच म्हणून सांगायचा आणि क्लाराबाई त्याच्या तक्त्यावर लिहायच्या. नंदूने त्याला गळ घातली होती, की माझ्या तक्त्यावर ओकारी दिसली तर माझी बाळंतीण बहीण जेवणार नाही.

क्लाराबाई एवढंच म्हणाल्या, की तक्ता खोटा असला तर आम्ही आंधळ्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोकांना खरं बोला म्हणून सांगत फिरलो आणि माझ्याच भाषणाने भावाला खोटं बोलायला लावलं. नवस तुझा, पण गुन्हा माझा. तो अजून डोळे उघडत नाही.

गुणाजी

बोरिवली, १० फेब्रुवारी

ती. दादास,
सुगंधाचा नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. पहिलं वाचून सासूबाईंनी ताट वाढलं. मग दुसरं वाचलं. भात समोर वाफाळत होता. देवाला म्हटलं, शब्द मी मोडते आहे, काय रागवायचं ते माझ्यावर रागव. आणि जेवले. एकेक घास गिळवत नव्हता, पण ताट पुसून उठले.

नंदूने डोळे उघडले की पुढचं त्याला वाचून दाखव. भाषण नको.

नंदू, मी जेवले रे. रोज जेवणार आहे, तू दहादा ओकलास तरी. ओकारी आली की क्लाराबाईंना सांग. ग्रेगरीदादाचे उपकार आहेत, पण पुन्हा त्याचं भांडं घेतलंस तर बाळाला कडेवर घेऊन तिथे येईन आणि कान पिळीन.

दादा, तूही जेव.
सुगंधा

इस्पितळातून, १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नंदूचा नमस्कार. मी सांगतो आहे आणि क्लाराबाई लिहीत आहेत.

दादाने तुझं पत्र वाचलं. पदरचा एक शब्द घातला नाही. ग्रेगरी काल घरी गेला, जाताना भांडं बरोबर नेतो म्हणाला. भाच्याचे पाय पाहायला यायचं आहे, तोवर आम्हाला विसरू नकोस.

आज पेज घेतली. दोनदा ओकलो. दोन्ही माझ्याच तक्त्यावर आहेत.

नंदू