बाईंनी टोकलं नाही

तीर्थरूप बाबा,
धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. दिवसभर उभं राहून पाय जरा सुजतात, एवढंच. आईचा खोकला थांबला का? खरं ते कळवा.

मी काम करते त्या इथल्या जर्मन वृद्धाश्रमात, शाळेत जर्मन शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांची नजर गेलीय, म्हणून दुपारी मी त्यांना दोनशे वर्षांपूर्वीची जर्मन कादंबरी वाचून दाखवते. आधी दर ओळीला टोकायच्या. काल, आई मुलाला निरोप देते ते पान मी शब्दकोशाशिवाय वाचलं आणि न राहवून लगेच पुन्हा एकदा वाचलं. बाई म्हणाल्या, "आता चुका काढणार नाही, नुसती ऐकणार."

बारावीला इंग्रजीत नापास झाले तेव्हा 'हिला भाषा जमणार नाही' म्हणणाऱ्या काकांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा!

तुमचीच,
धाकटी