बुडबुड्याचा वरचा सा

लालबाग, फेब्रुवारी १९५८

ती. नानांच्या पायांवर डोकं ठेवून,

मी बरा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यामुळे काल डिलाईल रोड बंद होता. मी लांबूनच पाहिला, काळजी नको.

परळच्या प्रयोगशाळेत मात्र डोकं फिरायची वेळ आलीय. पाण्यात बकऱ्याची कलेजी ठेवून तिच्यावर आम्ही कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी पडद्यावर पाहतो. कलेजी काय, तिच्यातली गाठ काय, दोन्ही एकाच सुरात उत्तर देतात. ओळखायचं कसं? हवेचा बुडबुडा तेवढा त्या सुराबरोबर वरचा 'सा'ही देतो, तुमच्या भजनातल्या झीलकऱ्यासारखा. साहेबांना म्हटलं, हे बुडबुडे रक्तात सोडता आले तर गाठीत रक्त जास्त म्हणून ती वरच्या सुरात बोलेल आणि वेगळी दिसेल. ते म्हणाले, "बुडबुडा म्हणजे दोष. पाणी उकळून त्यातली हवा घालवा." तेव्हापासून मी पाणीच उकळतोय.

आईचं पोट अजून दुखतं का? जेवते का नीट? सुरी न लावता तिची गाठ बघू, असं मी म्हणालो होतो. त्यासाठी थांबू नका. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणतात तर ऑपरेशन करून घ्या. आमच्या यंत्राला अजून काही कळत नाही, आणि जे थोडं कळतं ते मी रोज उकळून घालवतो.

तुमचा,
दिगंबर