धुऱ्यापलीकडचे फुटाणे

माय, धुऱ्यापलीकडचे, आपल्या शेताच्या बांधाला लागून वावर असलेले काका गेल्या महिन्यात वारले. मी परवा अमरावतीहून गावी गेले, त्यांच्या ओसरीवर बसले, काकूंचा हात हातात घेतला, आणि तू कुठून तरी बघते आहेस असं वाटून तो जरा लवकरच सोडला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या घरात शिरताना मी अजून एकदा मागे वळून पाहते.

बाबा असताना काकांनी आपलं वावर विकत मागितलं होतं. बाबा हसून नाही म्हणाले आणि त्यांच्यापुरता विषय संपला. तुझ्यापुरता तो कधी संपलाच नाही. बाबा गेल्यावर वांगी, गवार, काकडी तू एकटीनं पिकवलीस, डोक्यावरून बाळापूरच्या बाजाराला नेलीस, आणि पलीकडे कुणी नुसतं खोकलं तरी कान टवकारलेस. त्यातून ती वांदरं. काकांच्या बाजूला कडुलिंबाखाली मारुतीचा ओटा होता, दर शनिवारी काका तिथे फुटाणे टाकत. वांदरांना तो दिवस कळायला लागला. फुटाणे संपले की ती ओट्यावरून उठून धुरा ओलांडत आणि आपल्या काकड्यांत बसत. पुढे शनिवारची वाटही पाहीनात. तू म्हणायचीस, "तो मुद्दाम करते. वांदरायच्या हातानं मले वावरातून काढून राहिला." भाऊ लहान, मी शाळेत जाणारी मुलगी. तू म्हणशील ते मला खरं वाटे, आणि काका समोर दिसले की खोटं वाटे.

वांदरं बाईमाणसाला भीत नाहीत, हे तुला लवकर कळलं. मग तू बाबांचा सदरा घातलास, डोक्याला दुपट्टा गुंडाळलास आणि काठी घेऊन बांधावर उभी राहिलीस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा क्षणभर मला बाबाच दिसले. वांदरंही फसली, पण थोडेच दिवस. नंतर कळपातली एक थोराड मादी अगदी जवळ येऊन बसली, तुझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तुझ्या देखत तिनं काकडी तोडली. तू घरी येऊन सदरा खुंटीला टांगलास आणि म्हणालीस, "त्यायले कोनं सांगतलं?" जणू कुणी सांगितल्याशिवाय ते कळणारच नव्हतं.

मग अकोल्याच्या भाजीबाजारातून रिकाम्या टोपलीत तू कुत्र्याचं पिल्लू आणलंस. त्याला नाव ठेवू दिलं नाहीस, नाव ठेवलं की माया लागते म्हणालीस. काळा, लांब पायांचा कुत्रा झाला तो. वर्षभर त्यानं वावर राखलं. वांदरं झाडावर चढून बसत, तो खाली भुंकत राही, आणि तू कितीतरी दिवसांनी दुपारी सावलीत बसून सुखानं भाकर खाल्लीस.

त्या दिवशी आपण दोघी निंदण आटोपून विहिरीकडे चाललो आहोत. तू एकदम थांबतेस. कडुलिंबाखाली आपला कुत्रा आडवा पडला आहे, डोळे मिटून, आणि ती थोराड मादी त्याच्या कानामागचे केस बाजूला करून गोचीड वेचते आहे. वेचते, बघते, तोंडात टाकते. तू दगड उचलतेस, पण तो हातातच राहतो. "फितला," एवढंच म्हणतेस. मग कुत्र्याला ओढत आणतेस आणि त्याचं तोंड हुंगतेस. दाढेत फुटाण्याचं साल अडकलेलं असतं.

तू तशीच धुऱ्यावर गेलीस. "माह्या कुत्र्याले काय चारता तुमी?"

काका ओटा झाडत होते. म्हणाले, "फुटाणे चारतो. वांदरायसंगं तोही येऊन बसते. त्याले एकट्याले कसा हाकलू, वयनी?"

"तुमाले हे वावर पाह्यजे. सरळ सांगा ना."

काकांनी झाडू खाली ठेवला. "पाह्यजे होतं तवा मी तोंडानं मांगतलं. वांदरायच्या हातानं काहून मांगीन?"

मला ते उत्तर पुरेसं वाटलं होतं. तू मात्र वाटेत म्हणालीस, "पाह्यलं? पाह्यजे होतं म्हंते." आणि कुत्र्याला घरी बांधून टाकलंस.

कापूस फुटायच्या सुमारास दोर तोडून तो पळाला आणि दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर मेलेला सापडला. तोंडाला फेस होता. साप चावला असेल, कुणाच्या फवारणीचं पाणी प्यायला असेल. काका फावडं घेऊन आले, खड्डा खणायला. तू म्हणालीस, "हात नोका लावू." ते फावडं खांद्यावर टाकून परत गेले आणि तेव्हापासून त्यांनी फुटाणे टाकणं बंद केलं. वांदरं काही शनिवार ओट्यावर येऊन बसली, हात चाटत वाट पाहत. मग पांगली. आपल्या काकड्या गेल्या, काकांची तूर गेली, आणि कळप गावात शिरला. छपरांवरचे कवेलू उचकटले, चुलीवरच्या भाकरी पळवल्या. गाव दारं लावून जेवायला लागलं. दोन घरांच्या भांडणापायी हे झालं म्हणून लोक आपल्याकडेही संशयानं पाहू लागले आणि त्यांच्याकडेही. तू म्हणालीस, "राग काढून राहिला तो." खायला घातलं तरी काकांचा कावा, बंद केलं तरी काकांचा कावा. तुझ्या संशयाला बाहेर पडायला वाटच नव्हती, माय.

अकोल्याच्या दवाखान्यात तुझे शेवटचे दिवस होते, तेव्हा काकू डबा घेऊन आल्या. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण. तू डब्याकडे बघितलंस आणि काकूंना म्हणालीस, "आंधी तू खाय." मी लाजेनं खिडकीकडे तोंड केलं. काकूंनी घास मोडला, वरणात बुडवला, तुझ्यासमोर खाल्ला, गिळून झाल्यावर तोंड पुसलं. मग दुसरा घास तुझ्या तोंडाशी धरला, आणि तू खाल्लास. अर्धी भाकर संपवलीस. तुझं ते शेवटचं पोटभर जेवण.

आता ऐक. परवा ओसरीवर काकू मला म्हणाल्या, "आमचे पोरं पुण्याले. ते वावर करत नाहीत. तुमचे काका सांगून गेले का देलं तर तुह्या भावालेच द्याचं. वयनीच्या लेकरायले वांदरं वळखतात म्हने." भाऊ ओसरीच्या पायरीवर बसला होता, त्याचे डोळे भरून आले. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? यात काहीतरी आहे. कर्ज असेल, विहीर आटली असेल, भावाभावांचा वाद असेल. घरी येताच मी मोबाइलवर सातबारा काढला. कोरा निघाला, तर जास्तच संशय आला. कुत्र्याचं काय झालं होतं ते विचारायचं म्हणून मी गेले होते. भाऊ उठून गेल्यावर काकू एकट्या होत्या, विचारता आलं असतं. विचारलं नाही. त्यांनी खरं सांगितलं तरी मला ते खरं वाटलं नसतं, हे मला बसल्या जागी कळलं.

भाऊ म्हणतो, घेऊ, आणि काकांसारखे शनिवारी फुटाणे टाकत जाऊ. मी म्हटलं, थांब, आधी चौकशी करू. हे पत्र तुला पाठवायची सोय नाही तेच बरं, कारण तू मला शाबासकी देशील. आणि एक सांगायचं राहिलं. चौकशी अजून सुरूही केली नाही, पण दोन्ही वावरं मिळून विजेच्या झटक्याच्या तारेचं कुंपण कुठून कुठवर घालायचं ते मी मनात आखून ठेवलं आहे. ओटा आणि कडुलिंब आत येतात. वांदरं बाहेर राहतात.