पाण्याचं राहिलंच

मंगळवार, संध्याकाळ. गिरगाव.

आज नगरसेविकाबाई आमच्या वाडीत आल्या होत्या. तीन आठवडे नळाला धड पाणी नाही, म्हणून मीच जाब विचारायला पुढे झाले. आणि तोंडातून निघालं काय? "बाई, आधी स्वतः दोन घास खा. या काडीसारख्या मनगटांनी काय पाणी आणणार तुम्ही?" सगळी वाडी हसली. बाईंनी मनगटं पदराखाली घेतली आणि त्या निघून गेल्या. पाण्याचं राहिलंच.

तेव्हा मला मस्त वाटलं होतं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

घरी आल्यावर माझी मिताली म्हणाली, "आई, भांडण पाण्याचं होतं ना? मग तिच्या मनगटांवर का गेलीस?" मितालीची मनगटंही तशीच. कॉलेजात तिला 'हँगर' म्हणतात, हे मला आज कळलं. भर उन्हाळ्यातही ती लांब बाह्या घालते. मला वाटायचं, फॅशन असेल.

उद्या बाईंच्या ऑफिसात जाईन. माफी मागेन, मग पाण्याचं विचारीन. मितालीची माफी आत्ताच मागितली. ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "असू दे गं. सवय आहे मला."