चोरून घातलेलं पाणी

प्रिय माय,

परवा गावातले लोक तुमच्या रीतीनं तुझ्या नावाचा दगड उभा करणार आहेत. बैलगाडीतून आणलेला तो दगड सध्या आपल्या अंगणात आडवा पडला आहे, आणि मी त्याला वळसा घालून जाते. तुझ्यासाठी प्रार्थना करायला गुडघे टेकले की शब्द सापडत नाहीत. म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं. पण तू आहेस तिथं वाचून दाखवणारं कोणी असेलच ना?

कुठं आहेस तू, माय? सहा महिने मी हेच विचारते आहे.

लग्न होऊन मी चांद्याच्या मिशनमधून एटापल्लीच्या या रानात आले, तेव्हा तू मला गळ्यातला क्रूस काढायला सांगितलं नाहीस. तुझ्या लेकानं माझ्यासाठी बाप्तिस्मा घेतला, सोमाचा जोसेफ झाला, तरी तू त्याला अडवलं नाहीस. तुझ्यापुरतं मात्र तू स्पष्ट बोललीस. आपण मोहफुलं वेचत होतो. मी म्हटलं, माय, तूही बाप्तिस्मा घे, म्हणजे मेल्यावर सगळे एका जागी राहू. तू टोपली खाली ठेवलीस.

"तुझ्या देवाच्या घरी माझं कोन आहे? माझा बुढा इथी, माझी माय इथी. मले त्याइच्यातच जा लागते."

मी पुन्हा विषय काढला नाही. पण भीती बसली ती बसलीच. लहानपणी सिस्टर नरकाबद्दल सांगायच्या तेव्हा मी पाय पोटाशी ओढून बसायची. त्या आगीत तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. आता तुझा चेहरा दिसायला लागला.

मग तुला तो ताप आला. तिसऱ्या दिवशी दुपारी तू कोणाला ओळखेनाशी झालीस. जोसेफ वैदूला आणायला गेला होता. तुझ्या घशात घरघर सुरू झाली आणि मला वाटलं, संपलं. मरणाच्या दारातल्या माणसाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, असं आम्हाला शिकवलं होतं. तू नको म्हणाली होतीस, तेही आठवत होतं. तरी मी गडव्यातलं पाणी तुझ्या कपाळावर तीनदा ओतलं आणि ते शब्द पुटपुटले. घाईत अर्धं पाणी तुझ्या कानात गेलं.

आणि तू वाचलीस! दुसऱ्या दिवशी डोळे उघडून विचारलंस, "माझ्या डोक्सावर पानी काऊन टाकलं वं?"

"ताप होता, माय. म्हणून."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग पेज मागितलीस. त्यानंतर आठ दिवस जगलीस, पूर्ण शुद्धीत. मी तुझं अंग पुसलं, केस विंचरले, पेज भरवली. रोज वाटायचं, आज सांगावं. नवव्या दिवशी सकाळी तू गेलीस.

पावसाळा सरल्यावर फादर सायकलीनं आले, तेव्हा पापकबुलीत सगळं सांगितलं. मला दोन्हीकडून भीती होती. पाणी लागू झालं असेल तर मी तुला तुझ्या माणसांपासून तोडलं. नसेल तर तू आगीत. फादर म्हणाले, "देव कोणाला चोरून घेत नाही, मार्था. ती नको म्हणाली होती, म्हणजे तो बाप्तिस्मा झालाच नाही."

"मग ती नरकात गेली का?" मी विचारलं. शेवटच्या घटकेला तुझ्यात आणि देवात काय बोलणं झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या दयेला कुंपण घालायचा हक्क त्यांनाही नव्हता. त्यांनी पापाची क्षमा दिली. पण तुझ्याशी मी खोटं बोलले, त्याची माफी तुझ्याकडे मलाच मागावी लागेल, असंही सांगितलं.

काल गावचे गायता, तुमच्या देवांची पूजा करणारे म्हातारबाबा, घरी आले होते. मरताना हिच्यावर परक्या देवाचं काही केलं नाही ना, असं त्यांनी जोसेफला विचारलं. केलं असेल तर तुझा दगड मामाजींच्या, म्हणजे तुझ्या बुढ्याच्या, दगडाशेजारी लावता येणार नाही. जोसेफ नाही म्हणाला. मी चुलीकडे तोंड करून बसले होते.

आज सकाळी तो बांबू फोडत होता, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला नाही.

"मायनं सांगतलं होतं मले," तो म्हणाला.

तू शुद्धीवर आलीस त्याच संध्याकाळी त्याला जवळ बोलावून म्हणाली होतीस, "तुझ्यावर पाद्र्यानं टाकलं होतं तसंच पानी तिनं माझ्यावर टाकलं, पोरगी भेली म्हणून. तू तिले काई बोलू नको. आपून होऊन सांगन मले."

म्हणजे आठ दिवस तू वाट पाहिलीस. पेज भरवताना माझ्या तोंडाकडे बघायचीस ते याचसाठी! माफी तयार होती, मीच मागितली नाही. पण तूही पुन्हा का नाही विचारलंस? एक शब्द टाकला असतास तर मी बोलले असते. की तरीही नसते बोलले?

नरकाची भीती गेलेली नाही, माय. पण जी बाई अशी वाट पाहते तिला देव आगीत टाकेल आणि मला वर घेईल, हे आता मनात आणूनही जमत नाही. तुझ्यापेक्षा तो कमी दयाळू कसा असेल? असं विचारणं पाप असेल, तर फादर येतील तेव्हा तेही सांगेन.

आता भीती परवाची आहे. जोसेफ म्हणतो, मायनं माफ केलं, आता गप्प राहा. पण काल तो खोटं बोलला ते माझ्यासाठी, आणि त्या खोट्यावर तुझा दगड उभा राहायला नको.

दगड उचलायच्या आधी मी सगळ्यांसमोर म्हातारबाबांना सांगणार आहे, की पाणी मी घातलं, तिला न विचारता घातलं, ती शेवटपर्यंत तुमचीच होती. ते मला हाकलतील, दगडाला हातही लावू देणार नाहीत कदाचित. पण तुला मामाजींच्या शेजारची जागा मिळेपर्यंत मी त्यांच्या दारातून उठणार नाही. हे माझं तुला वचन.

तुझी भित्री सून,
मार्था